‘पाला लावायचा’ म्हणजे नक्की कधी?

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात वाढलेल्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरातल्या आणि ओळखीच्या बायकांकडून त्या झाडपाल्याचे उपयोग लिहून घेत आहेत. त्या म्हणतात : “जखमेवरच्या दगडी पाल्याबद्दल पणजीच्या वहीत ‘पाला ठेचून लावावा’ असं आहे. आत्या सांगते, ‘पाला ठेचायचा आणि लावायचा’. मी लिहिताना ‘पाला ठेचून लावतात’ असं करते. भाऊ म्हणतो, आता कोण लावतंय, ‘लावत असत’ असं लिही. सगळीकडे एकच रूप ठेवायचं तर कोणतं बरोबर?”

ताई, चारही रूपं बरोबर आहेत आणि चारही वेगळं काही सांगतात. म्हणून सगळीकडे एकच रूप ठेवू नका, एवढीच माझी कळकळीची विनंती आहे. वनस्पतीचं नाव चुकलं तर पुढे कुणीतरी पानं पाहून दुरुस्त करील. क्रियापद बदललं, तर कोणी, केव्हा, खरंच केलं का, ही माहिती कायमची जाते. ती परत मिळवायला आत्या नसतील.

आधी वही घेऊ. ‘लावावा’ हा विध्यर्थ, जुन्या व्याकरणातलं वाख्यात. ‘काढा करून द्यावा’, ‘मुळी उगाळून घ्यावी’, ‘लेप द्यावा’ अशी ही वह्यांची ठरलेली भाषा. ती आज्ञेइतकी कडक नाही आणि हकिकत तर मुळीच नाही. ‘लावावा’ वाचून पणजीने तो पाला एकदा तरी लावला होता असं सिद्ध होत नाही. त्या काळी वह्यांतली बरीच माहिती वैद्यांकडून, पंचांगातून, एखाद्या छापील पुस्तकातून उतरवून घेतलेली असे. म्हणजे वहीतली ओळ ही सल्ल्याची नोंद आहे, वापराची नव्हे. तुम्ही ‘लावावा’चं ‘लावत असत’ केलंत की न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष दिल्यासारखं होतं. वहीतलं वाक्य अवतरणात जसंच्या तसं ठेवा आणि पुढे ‘पणजीच्या वहीतून’ एवढं लिहा.

आता आत्यांचं ‘लावायचा’. मला सगळ्यात जास्त याच्यावरच बोलायचं आहे, कारण मराठीतलं हे रूप दोन काळांत पाय ठेवून उभं असतं. चाख्यात म्हणतात त्याला. ‘पाला ठेचायचा, रस काढायचा, जखमेवर सोडायचा’ ही कृती झाली, स्वयंपाक सांगावा तशी. इथे क्रियापद पाल्याच्या आणि रसाच्या लिंगाने चालतं. पण ‘आजी पाला ठेचायची, रस काढायची’ म्हटलं की क्रियापद आजीच्या लिंगाने चालायला लागतं आणि तेच रूप जुनी सवय सांगू लागतं. आजीचं नाव वाक्यातून गळलं तरी ‘ठेचायची’ ऐकून कळतं, कुणीतरी बाई हे नेहमी करायची. ‘ठेचायचा’ ऐकून कळतं ती फक्त रीत.

मग अडचण कुठे येते? वस्तू स्त्रीलिंगी असली की. बाळगुटीचं उदाहरण घ्या. ‘मुरडशेंग उगाळायची, दोन वळसे, जास्त नाही.’ यात ‘उगाळायची’ कुणाची? मुरडशेंगेची की आजीची? आत्या तुम्हाला गुटीची कृती सांगत आहेत, की सहाणेपुढे बसलेली आपली आई त्यांना दिसते आहे? वाक्यावरून कळायला मार्ग नाही. बोलणाऱ्याच्या मनातही कधी कधी हे दोन्ही एकत्रच असतं. अशा वेळी पेन खाली ठेवून एकच विचारायचं : “कोण उगाळायचं?” कर्ता आला की वाक्य आपोआप एका बाजूला जातं. “आईच उगाळायची, मी कधी केलं नाही” असं उत्तर आलं तर जुनी सवय, पाहिलेली. “कोण म्हणजे? आपण उगाळायची” असं आलं तर चालू रीत. दोन्ही उत्तरं तितकीच मोलाची, फक्त एकमेकांत मिसळू नयेत.

(मुरडशेंग हा शब्दच किती नेमका आहे, हे जाता जाता सांगितल्याशिवाय राहवत नाही. शेंग पिळलेली, आणि द्यायची ती पोटात मुरडा आला की. नरहरीच्या ‘राजनिघंटु’ या जुन्या संस्कृत वनस्पतिकोशात वनस्पतींना नावं सात प्रकारांनी पडतात असं म्हटलं आहे. रूढी, देशी बोली, अंगावरची खूण, उपमा, गुण असे ते प्रकार. मुरडशेंगेत खूण आणि गुण दोन्ही एका शब्दात आले.)

तुमचं ‘लावतात’ दिसायला निरुपद्रवी आहे, पण चौघांत मला सर्वांत जास्त भीती त्याचीच वाटते. ‘लावतात’ला कर्ता लागत नाही. कोण लावतात? कुठे? दांडिया बाजारात की पावागडच्या पायथ्याच्या गावांत? आज, की कधीही? मानवशास्त्रात ‘एथ्नोग्राफिक प्रेझेंट’ नावाची जुनी लिहिण्याची पद्धत आहे : पन्नास वर्षांपूर्वी पाहिलेल्या लोकांबद्दलही ‘ते असं करतात’ असं कायम वर्तमानात लिहायचं. तिच्यावर पुढे पुष्कळ टीका झाली, कारण माणसं बदलतात आणि वाक्य बदलत नाही. आपल्याकडच्या वनौषधींच्या पुस्तकांतलं ‘वापरतात’ बरंचसं असंच एका पुस्तकातून दुसऱ्यात चालत आलेलं असतं. ‘लावतात’ जरूर लिहा, पण गेल्या एक-दोन वर्षांत कुणी लावलेलं तुम्ही पाहिलं किंवा करणाऱ्याच्या तोंडून ऐकलं असेल तेव्हाच.

आणि वर्तमानकाळ खरा असूनही अपुरा पडतो, असंही होतं. आघाड्याच्या काडीने दात घासणं रोजच्या जगण्यातून गेलं. पण ऋषिपंचमीला आघाड्याचं दातवण अजून अनेक घरांत लागतंच. इथे ‘आघाड्याने दात घासतात’ हे खोटं आणि ‘घासत असत’ हेही खोटं. ‘रोज घासत असत, आता ऋषिपंचमीला घासतात’ एवढं लांब वाक्य लिहावं लागतं, आणि तेच खरं वाक्य.

भावाच्या ‘लावत असत’बद्दल. हा रीतिभूतकाळ, नोंदीसाठी उत्तम. याचंच जुनं आटोपशीर रूप ई-आख्यात : ‘आजी काढा करी’, ‘बायका पाला लावीत’. मला ते फार आवडतं, पण नोंदीत मी वापरणार नाही. आजच्या वाचकाच्या कानाला ‘लावत’ किंवा ‘लावीत’ अर्धवट वाटतं, पुढे ‘आहेत’ येणार की ‘नाहीत’ याची तो वाट पाहतो. ‘असत’ जोडलं की शंका उरत नाही. मात्र भावाने हे रूप सुचवलं ते ‘आता कोण लावतंय’ या समजुतीवर. आत्यांनी तसं म्हटलेलं नाही.

आता खास वडोदऱ्याची गोष्ट. तुमच्या यादीत गुजराती शेजारणीही असणार. त्यांचं बोलणं मराठीत उतरवताना एक खळगा आहे, तिकडे नीट लक्ष द्या. ‘अमे केसूडांना पाणीथी नहातां’ असं कुणी म्हणालं, तर मराठी कानाला ते ‘नाहता’सारखं, म्हणजे आजचं वाटतं. गुजरातीत ते सरळ भूतकाळाच्या सवयीचं रूप आहे : आम्ही पळसाच्या फुलांच्या पाण्याने अंघोळ करत असू. आजचं असतं तर ‘नहाईए छीए’ आलं असतं. ‘लगाडता’ म्हणजे लावत असत आणि ‘लगाडे छे’ म्हणजे लावतात. होकारार्थी वाक्यात ‘छे’ किंवा ‘छीए’ ऐकू आला तर आजचं, नुसतं ‘-ता, -ती, -तां’ ऐकू आलं तर गेलेलं. आपल्या वडोदऱ्याच्या घरांत दोन्ही भाषा एकाच वाक्यात येतात, त्यामुळे ही चूक अगदी सहज होते आणि पन्नास वर्षांपूर्वीची होळी आजची होऊन बसते.

नावांचंही तेच. तुमच्या पणजीच्या वहीत ‘दिवेल चोळावे’ असेल तर ते एरंडेल, दिव्यातलं तेल नव्हे. ‘मिठा लिंब’ म्हणजे कढीपत्ता, गुजरातीतला मीठो लीमडो. पुण्याचा वाचक मीठ आणि लिंबू वाटून मोकळा होईल. गळो म्हणजे गुळवेल, अरडूसी म्हणजे अडुळसा, अजमा म्हणजे ओवा, हे आपल्याला सांगावं लागत नाही, पण नोंद फक्त आपल्यासाठी नसते. याच शहरात १९३१ साली सयाजीराव महाराजांच्या पुढाकाराने कारभारातले शब्द आठ भाषांत शेजारी शेजारी मांडणारा ‘सयाजी शासन शब्दकल्पतरु’ निघाला. तशीच दोन रकान्यांची सवय पाल्यालाही लावा : सांगणाऱ्याने उच्चारलेलं नाव आधी, तुम्हाला कळलेलं नाव शेजारी. आणि शक्य तिथे पानं-फुलांसकट डहाळी वर्तमानपत्रात दाबून ठेवा, गाव आणि तारीख लिहून. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं, तेव्हा आयुष मंत्रालयाचा पहिला आक्षेप हाच होता की ती वेल गुळवेलच होती, की तिच्या जातकुळीतली दुसरी, हे आधी तपासलं का? डहाळी असती तर वाद तिथेच मिटला असता.

‘पूर्वी’ या शब्दालाही माप लावा. ‘पूर्वापार’ तर माझ्या मते नोंदीत नकोच. तुमचा जखमेवरचा दगडी पाला घ्या, ज्याला कंबरमोडी किंवा एकदांडीही म्हणतात. तो मूळचा उष्णकटिबंधीय अमेरिकेतला. आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांत तो असणं शक्यच नाही. गुजरातीने हे नावातच लिहून ठेवलं आहे : परदेशी भांगरो. आत्यांच्या आईचा अनुभव यामुळे कमी खरा ठरत नाही, पण तो ‘हजारो वर्षांचा’ नाही. एका परक्या तणाचा उपयोग आपल्या बायकांनी शोधून काढला, आणि मला तर ही त्याहून मोठी गोष्ट वाटते. म्हणून ‘पूर्वी’ ऐकलं की “पूर्वी म्हणजे केव्हा?” असं विचारा. सन कुणी सांगणार नाही. ‘मी फ्रॉकमध्ये होते तेव्हा’, ‘थोरल्याच्या वेळी’ असं काही येईल, ते तसंच लिहा. ‘गायकवाडीत’ असं कुणी म्हणालं तर फारच छान : १ मे १९४९ला गायकवाडांचं बडोदा संस्थान विलीन झालं, त्याच्या आधीचं.

राहिला नकार. यात मराठी फार श्रीमंत आहे. ‘लावत नाहीत’ म्हणजे आज नाही, पूर्वीचं माहीत नाही. ‘लावत नसत’ म्हणजे तेव्हाच नव्हतं. आणि ‘लावेनासे झाले’ म्हणजे लावत होते, मग हळूहळू थांबले. हे ‘-एनासं होणं’ जपून ठेवा. सवय मोडण्याची अख्खी गोष्ट एका क्रियापदात सांगणारं असं रूप हिंदीत किंवा गुजरातीत असं एका शब्दात मला सापडत नाही. ‘पाला मिळेनासा झाला’ आणि ‘पाला लावेनासे झाले’ ही दोन वेगळी कारणं आहेत : पहिल्यात जागा गेली, दुसऱ्यात विश्वास किंवा गरज.

जुन्या नोंदकारांनाही ही अडचण होती. गोव्यात १५६३ साली गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने औषधींवर पुस्तक छापलं ते संवादाच्या रूपात. त्यामुळे कोणतं त्याने स्वतः पाहिलं आणि कोणतं ऐकलं हे बोलण्यातून वेगळं राहतं. मलबारच्या वनस्पतींवरच्या ‘होर्तुस मलाबारिकुस’चे बारा खंड १६७८ ते १६९३ मध्ये निघाले. त्यात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोंकणी वैद्यांचं १६७५ सालचं प्रमाणपत्र नागरी अक्षरांत छापलेलं आहे. माहिती कुणी दिली आणि केव्हा, हे साडेतीनशे वर्षांनी आपल्याला नावानिशी माहीत आहे ते त्यामुळे.

तुमची नोंद मी अशी लिहीन. कंसातलं तुम्ही भरा :

दगडी पाला. शेजारणींच्या तोंडी ‘परदेशी भांगरो’. पणजीची वही : “पाला ठेचून लावावा.” आत्या, (वय), (तारीख) : “पाला ठेचायचा आणि लावायचा.” ‘कोण लावायचं’ विचारल्यावर : (…). आत्यांनी स्वतः शेवटचं लावला : (केव्हा, कुणाला). आता : (लावते / लावत नाही / मिळेनासा झाला).

भावाचं ‘आता कोण लावतंय’ हेही शेवटच्या ओळीत घ्या, पण त्याच्या नावावर. आणि ते लिहिण्याआधी खंडेराव मार्केटात फुलं-पत्री घेऊन बसणाऱ्या एखाद्या मावशींना विचारा, बोटाला विळी लागली तर तुम्ही काय करता.