नवी बॅटरी टाकली तरी एटीव्हीचा सेल्फ 'टक' करून गप्प बसतो. मोटर बदलावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सेकंडहँड १२५ सीसीची एटीव्ही, म्हणजे चार चाकांची क्वाड बाईक, नागावच्या घरी पावसाळाभर शेडमध्ये उभी. आता बटण दाबलं की एकच 'टक' येतो आणि पुढे काही नाही. बॅटरी नवी टाकली तरी तेच, आणि मेकॅनिक म्हणतोय सेल्फ मोटर गेली, अख्खी बदलू.

आज बदलू नका. साध्या मल्टिमीटरने अर्ध्या तासात कळेल की मोटर खरंच गेली आहे की नाही.

मी रेवदंड्याकडे गाड्यांच्या वायरिंगची कामं करतो. दिवाळीच्या तोंडावर बीचवरच्या क्वाड बाईक रांगेने येतात आणि बहुतेकांचं दुखणं तुमच्यासारखंच असतं. नव्या मोटरचं बिल मालकाच्या हातात आधीच कोणीतरी ठेवलेलं असतं. पाप मीही केलंय. चार-पाच वर्षांपूर्वी एका होमस्टेवाल्याच्या गाडीला नवी मोटर बसवली, गाडी चालू झाली, मी पैसे घेतले. आठ दिवसांनी गाडी टेम्पोत घालून परत. रिलेकडून (बटण दाबलं की बॅटरीचा करंट मोटरला जोडणारा स्विच) मोटरकडे जाणारी जाड वायर थिंबलपाशी (वायरीच्या टोकाची धातूची कडी) रबराच्या टोपीखाली आतून हिरवीगार झाली होती. मोटर बदलताना ती हलली, तात्पुरती टेकली आणि मला वाटलं काम झालं. मोटरचे पैसे मी परत दिले.

तुम्ही आवाज नीट लिहिलात, त्याने निम्मं काम झालं. एकच ठाम 'टक' म्हणजे रिले खेचला गेला. म्हणजे चावी, किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण), ब्रेकच्या लिव्हरमधला स्विच, स्टार्टचं बटण हे सगळे पास. त्यांच्या मागे लागू नका. 'टकटकटकटक' असं सलग वाजलं असतं तर बॅटरी किंवा तिच्या टर्मिनलवर संशय घेतला असता: रिले खेचला जातो, व्होल्टेज कोसळतं, रिले सुटतो, व्होल्टेज वर येतं, पुन्हा खेचतो. काहीच आवाज नसता तर फ्यूज आणि ते स्विच तपासायला सांगितलं असतं. आणि मोटर घर्रकन फिरते पण इंजिन हलत नाही, असं असेल तर मोटरचं फिरणं इंजिनला देणारा आतला वन-वे क्लच गेला.

वायरिंगला हात लावण्याआधी एक गोष्ट बघा: इंजिन फिरतंय का? दोरीचा स्टार्टर असेल तर सावकाश ओढा. नसेल तर मॅग्नेटच्या (इंजिनबरोबर फिरणारं चुंबकाचं चाक) नटाला पाना लावून फिरवून बघा. अडकलं तर जोर लावू नका, ऑइलची कांडी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल तर कार्बोरेटरची फ्लोटची सुई अडकून टाकीतलं पेट्रोल हळूहळू इंजिनात उतरलंय. उभ्या गाडीत हे होतं आणि पेट्रोलचा नळ उघडा राहिला तर हमखास. सिलिंडरमध्ये द्रव भरला की पिस्टन वर जाऊच शकत नाही, सेल्फ बिचारा काय करणार? नळ बंद करा, स्पार्क प्लग काढा, तोंड बाजूला ठेवून दोरीने फिरवा. सगळं बाहेर फेकलं जाईल. त्या वेळी बटण दाबून ठिणगीशी खेळू नका. त्यानंतर ऑइल बदला आणि कार्बोरेटर साफ करून घ्या, नाहीतर पुन्हा तेच.

इंजिन मोकळं फिरतंय? मग मीटर घ्या, २० व्होल्ट डीसीवर ठेवा.

पहिलं रीडिंग बॅटरीचं. 'नवी आहे' हा पुरावा नाही. दुकानात अ‍ॅसिड भरून तशीच हातात दिलेली बॅटरी पूर्ण चार्ज नसते, तिला पहिलं चार्जिंग द्यावं लागतं. गाडी बंद असताना १२.६ ते १२.८ हवं. १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्जरवर लावा, पुढची मापं नंतर.

आता मीटरच्या काट्या (लाल-काळ्या वायरींची टोकं) थेट बॅटरीच्या शिशाच्या पोलवर टेकवून (थिंबलवर नव्हे, पोलवर) दुसऱ्याला दोन सेकंद बटण दाबायला सांगा. आकडा १२.५ च्या आसपासच राहिला तर जाड वायरीतून करंट जातच नाहीये: रिलेचे आतले कॉन्टॅक्ट जळलेत, कुठेतरी जोड खराब आहे किंवा मोटरचे कार्बन (फिरत्या भागाला घासून करंट देणारे तुकडे) टेकत नाहीत. आकडा धाडकन ८-९ वर आला तर करंट जातोय, पण एकतर बॅटरीत दम नाही किंवा मोटर आतून जाम आहे. तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज पहिल्या प्रकाराचा.

इथे लोक चुकतात. मीटर बीपवर लावतात, वायरीची दोन टोकं धरतात, बीप वाजतो, वायर ठीक. बीप साफ खोटं बोलतो. साकवावरून एकटा माणूस आरामात जातो म्हणून त्यावर चिऱ्याचा ट्रक घालाल का? मीटर सोडतो तो करंट माणसाएवढा आणि सेल्फचा ट्रकएवढा. हिशोबाला ५० अँपिअर धरा. जोडात ०.०५ ओहम जरी अडथळा असला तरी तेवढ्यातच अडीच व्होल्ट खर्च होतात. ०.०५ ओहम तुमच्या मीटरला दिसतच नाही, त्याच्या स्वतःच्या वायरींचा अडथळा त्याहून जास्त असतो. म्हणून वायर मापायची ती बटण दाबलेलं असताना, आणि तीही व्होल्टमध्ये.

लाल काटी बॅटरीच्या पॉझिटिव्ह पोलवर, काळी मोटरच्या जाड बोल्टवर. बटण न दाबता १२ च्या आसपास दिसेल, घाबरू नका, मोटरच्या आतून अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतीचा रस्ता) मिळतोय म्हणून ते दिसतं. उलट तिथे शून्य दिसलं तर बहुधा मोटरमधला रस्ता तुटलाय, म्हणजे कार्बन, आणि तुमचा मेकॅनिक निम्मा बरोबर. आता बटण दाबा. अर्ध्या व्होल्टच्या आत आलं तर पॉझिटिव्ह बाजू छान आहे. दोन, चार किंवा पूर्ण बारा राहिलं तर चोर याच बाजूला आहे, आणि त्याला तुकड्यातुकड्याने पकडायचं: बॅटरी ते रिले, मग रिलेचे दोन जाड बोल्ट, मग रिले ते मोटर, प्रत्येक वेळी बटण दाबून. रिलेच्या दोन बोल्टांमध्ये 'टक' झाल्यावरही १२ च राहिलं तर रिले वाजतो पण जोडत नाही. तो बदला. मोटरच्या मानाने ती किरकोळ वस्तू आहे.

मग अर्थिंग, आणि पैज लावायची झाली तर मी यावर लावीन. काळी काटी बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर, लाल काटी मोटरच्या बॉडीवर जरा खरवडून. बटण दाबल्यावर ०.३ च्या वर गेलं तर अर्थ खराब. या छोट्या गाड्यांमध्ये बऱ्याचदा अर्थची थिंबल चेसीच्या रंगावरच बोल्टने आवळलेली असते. त्यात खारा वारा. मीठ हवेतलं पाणी ओढून धरतं, त्यामुळे शेडमध्ये कोरडी दिसणारी गाडी बोल्टच्या खाली पावसाळाभर ओलीच असते. गाडी समुद्रावर नेली नसली तरी नागावची हवा तिला सोडत नाही. शिवाय इंजिन रबराच्या बुशवर बसलेलं असतं, म्हणजे चेसीला अर्थ आहे म्हणून इंजिनला मिळालाच असं नाही.

मीटर नसेल तर कारची जंपर केबल घ्या. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला, आणि बटण दाबा. सेल्फ उचलला तर रोग सापडला. काही जण रिलेचे दोन जाड बोल्ट पेचकसाने जोडून बघतात. मीही बघतो, पण गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून, आजूबाजूला पेट्रोलचा वास नसताना आणि मूठ कोरड्या इन्सुलेशनची असताना. ठिणगी मोठी उडते आणि गाडी गिअरमध्ये असेल तर अंगावर येते.

जोड साफ करताना बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडा आणि सगळ्यात शेवटी लावा. थिंबल, बोल्ट आणि चेसीची जागा काचपेपरने चकचकीत करा. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी कोमट पाण्यात खायचा सोडा घालून निघते, तो बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. वायरीचं वरचं आवरण थिंबलपाशी चिरून तांबं बघा. काळं-हिरवं असेल तर तेवढा तुकडा कापून नवी थिंबल दाबून घ्या, नुसती घासून भागत नाही. आवळल्यावर वरून व्हॅसलीन फासा. मी सरसकट बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट इंजिनवर, मोटरच्या बोल्टपाशी, एक जादा जाड वायर टाकून देतो.

दोन्ही बाजू चोख निघाल्या आणि मोटर तरीही फिरत नसेल, तर मोटरवर पान्याच्या मुठीने हलके टकटक करत बटण दाबा. तेवढ्यापुरती फिरली तर कार्बन झिजलेत किंवा गंजाने घरात अडकलेत. बऱ्याच मोटरींचे कार्बन सुटे मिळतात, नमुना घेऊन ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात जा. कॉम्युटेटर (कार्बन जिथे घासतात ती तांब्याची गोल पट्टी) बारीक काचपेपरने पुसा आणि ओ-रिंग नवी घाला, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात पाणी पुन्हा आत. अख्खी मोटर बदलायची ती आर्मेचर (मोटरचा आतला फिरणारा भाग) जळालेलं दिसलं तरच.

गाडी चालू झाली की जरा रेस देऊन बॅटरीवर १३.८ ते १४.५ येतंय का तेवढं बघा. येत नसेल तर चार्जिंगचा रेग्युलेटर किंवा मॅग्नेटची कॉइल बघावी लागेल, आणि कदाचित तुमची जुनी बॅटरी उगाचच गेली. ती भंगारात दिली नसेल तर एकदा चार्जरवर लावून बघा.

आकडे इथे टाका: बॅटरी बटण दाबून, पॉझिटिव्ह बाजू, अर्थ बाजू. तीन आकडे मिळाले की मोटर गेली की नाही ते मी इथून सांगू शकेन.