मूल आमचं, मग लसीची सक्ती कोण करणार?

प्रश्न : ताई, मुलगी दीड वर्षाची झाली, गोवर-रुबेलाचा दुसरा डोस राहिलाय. मिस्टर म्हणतात व्हॉट्सअ‍ॅपवर केवढं काय काय येतंय, ऑटिझम होतो म्हणे, नकोच, आणि मुलगी आपली आहे, जबरदस्ती कोण करतंय बघू. तिकडे प्लेग्रुपवाले लसीचं कार्ड मागतायत. कायद्याने सक्ती आहे का?
— एक आई, कोथरूड

उत्तर : नाही, देशभर लागू असा सक्तीचा कायदा आज नाही. इंग्रजांनी १८८० मध्ये देवीच्या लसीसाठी केला होता, तो केव्हाच रद्द झाला. उलट २०१९ मध्ये दिल्ली हायकोर्टाने सांगितलं की शाळेत गोवर-रुबेलाची लस द्यायची तर आईबापांची स्पष्ट संमती हवी, गप्प बसले म्हणजे हो असं धरायचं नाही. आणि २०२२ मध्ये कोविडच्या केसमध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, मर्जीविरुद्ध कुणाला टोचता येणार नाही, पण सगळ्यांच्या आरोग्यासाठी सरकार वाजवी अटी घालू शकतं.

इथपर्यंत वाचून मिस्टर खूश होतील. पण संमती द्यायची ती मुलीच्या वतीने, कारण तिला अजून बोलता येत नाही. आपला १९५६ चा हिंदू पालकत्वाचा कायदाही आधी मुलाचं हित बघतो. चेक देशात लस सक्तीची आहे, नाही दिली तर आईबापांना दंड आणि मुलाला बालवाडी बंद, त्यावर काही पालक युरोपच्या मानवी हक्क कोर्टात गेले आणि २०२१ मध्ये हरले, कोर्टाने मुलांचं हित वरचढ धरलं. बालवाडी बंद करणं मला जरा कडक वाटतं, त्यात शिक्षा पोरालाच होते. पण नुसतं कार्ड मागण्यात काही वावगं नाही.

आता दुसरा डोस कशाला, तर नवव्या महिन्यात दिलेला पहिला डोस शंभरातल्या साधारण पंधरा मुलांना लागूच पडत नाही, आणि तुमची त्यात आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. गोवराचा विषाणू खोलीत दोन तास हवेत राहतो, म्हणजे आजारी मूल घरी गेलं तरी प्लेग्रुपमध्ये तो असतोच, आणि तिथे कुणाचं तरी सहा महिन्यांचं भावंड कडेवर येतं ज्याची लसीची नेहमीची वेळ अजून आलेली नसते. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीकडे गोवर पसरला तेव्हा लहान पोरं गेली. ऑटिझमचं म्हणाल तर ती सगळी बोंब १९९८ च्या एका पेपरवरून उठली, तो पेपर छापणाऱ्या मासिकानेच २०१० मध्ये मागे घेतला.

लसीच्या टेबलाशी दोघांची सही कुणी मागत नाही, पण म्हणून चोरून देऊन येऊ नका, घरात कायमचा वाद होईल. मिस्टरांना ते फॉरवर्ड घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे न्या, काय विचारायचं ते त्यांनाच विचारू दे. मुलीला आधी कशाची जोरदार रिअ‍ॅक्शन आली असेल तर तेही तिथेच सांगा. डोस पालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळतो, दोन वर्षांची व्हायच्या आत देऊन टाका. आणि हो, आठवड्याभराने थोडा ताप किंवा पुरळ येऊ शकतं, हे घरी आधीच सांगून ठेवा, नाहीतर “बघ, मी म्हटलं नव्हतं?” सुरू होईल.