इंग्रजी व्याकरण पक्कं आहे, तरी समोरच्याला नेमकं काय म्हणायचंय ते कळत नाही. हे शिकता येतं का?

तुम्ही प्रश्नाखाली तीन प्रसंग दिलेत. लीड्सच्या ऑफिसातल्या मॅनेजरने तुमच्या रिपोर्टला 'क्वाइट गुड, जस्ट अ फ्यू मायनर कॉमेंट्स' म्हटलं आणि फाइल उघडली तर पानंच्या पानं लाल. मीटिंगमध्ये तुमच्या कल्पनेवर 'दॅट्स अ व्हेरी इंटरेस्टिंग आयडिया' अशी दाद मिळाली आणि पुन्हा तो विषय कोणी काढला नाही. शिवाय एक सहकारी 'यू मस्ट कम ओव्हर फॉर डिनर' म्हणून गेला, त्यालाही आता एक हिवाळा उलटला. अशा बोलण्याची कुठे यादी मिळेल का, असं तुम्ही विचारलंय.

यादी मिळेल. डावीकडे 'इंग्रज काय म्हणतात' आणि उजवीकडे 'त्यांना काय म्हणायचं असतं' असे तक्ते इंटरनेटवर ढिगाने पडलेत. माझं ऐकाल तर ते पाठ करू नका. परदेशी क्लायंटबरोबर काम करणाऱ्यांना इंग्रजी शिकवणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. असे तक्ते घोकून आलेली मंडळी पुढे साध्या कौतुकातही टोमणा शोधत बसतात. 'इंटरेस्टिंग' म्हणणाऱ्याला कधीकधी खरंच कुतूहल वाटलेलं असतं हो! सूचित अर्थ शब्दाला कायमचा चिकटलेला नसतो. ऐकणारा दर वेळी हिशेब करून तो काढतो, आणि तो हिशेब नक्की शिकता येतो.

हा हिशेब नीट मांडला पॉल ग्राइस या इंग्रज तत्त्वज्ञाने. ऑक्सफर्डमध्ये बरीच वर्षं शिकवून तो अमेरिकेत बर्कलीला गेला. 1967 साली हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानांत त्याने ही कल्पना मांडली. त्यातला गाजलेला भाग छापून यायला 1975 उजाडलं. त्याचं उदाहरण अगदी रस्त्यावरचं आहे. एकाची गाडी बंद पडलीय. तो म्हणतो, 'माझं पेट्रोल संपलंय.' दुसरा म्हणतो, 'कोपऱ्यावर गॅरेज आहे.' गॅरेज उघडं आहे, तिथे पेट्रोल मिळतं, यातलं काहीही दुसरा बोललेला नाही. तरी पहिला तिकडे चालायला लागतो. कारण तो धरून चालतो की हा माणूस मला मदत करायला बोलतोय. गॅरेज बंद आहे हे माहीत असून त्याने असं म्हटलं असेल तर तो चमत्कारिकच म्हणायचा.

म्हणजे बोलणारे दोघे एकमेकांना सहकार्य करताहेत, हे गृहीत. त्यातून ग्राइसने चार अपेक्षा काढल्या. जेवढं हवं तेवढं सांगावं, कमी नाही आणि जास्तही नाही. खोटं किंवा पुराव्याशिवाय बोलू नये. मुद्द्याला धरून बोलावं. सुटसुटीत, संदिग्धता टाळून बोलावं. ही चार खाती त्याने कांटच्या तत्त्वज्ञानातून उचलली होती. पुष्कळजण इथेच फसतात आणि याला संभाषणकौशल्याचे धडे समजतात. ग्राइस उपदेश करत नव्हता. त्याला म्हणायचं होतं की ऐकणारा मनात या अपेक्षा ठेवून ऐकतो, आणि बोलणाऱ्याने त्यातली एखादी उघडउघड मोडली की ऐकणारा चमकतो: असं का बोलला असेल? त्या 'का'चं उत्तर म्हणजे सूचितार्थ.

आपल्याला हे नवं नाही. शाळेत अभिधा, लक्षणा, व्यंजना शिकलोच की आपण. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ध्वनी, म्हणजे काव्यातला सूचित अर्थ, समजावताना जी गाथा घेतली ती आपल्या महाराष्ट्री प्राकृतातली, गाहा सत्तसईतली आहे. तीत एक बाई एका धार्मिक गृहस्थाला म्हणते: बुवा, आता खुशाल फिरा, तुम्हाला भिववणारं ते कुत्रं गोदावरीकाठच्या झाडीत राहणाऱ्या मस्तवाल सिंहाने आज मारलं. वरवर निमंत्रण, आणि आत काय ते बुवांना बरोबर कळतं. तिथे तिची प्रियकराशी भेटायची जागा आहे, आणि बुवा तिकडे फिरकायला नको आहेत.

आता तुमचा मॅनेजर. 'क्वाइट गुड' या शब्दांत वाईट काही नाही. पण त्याच्यापुढे 'एक्सलंट', 'व्हेरी गुड', नुसतं 'गुड' असे शब्द हात जोडून उभे होते. ते सोडून त्याने 'क्वाइट' लावलं. ब्रिटनमध्ये हा शब्द 'गुड'ला बहुधा एक पायरी खाली आणतो. अमेरिकन माणूस तोच शब्द वर चढवायला वापरतो, त्यामुळे बॉस अमेरिकन असता तर हिशेब वेगळा आला असता. सवय अशी लावून घ्या: माणूस काय म्हणाला ते ऐकलंत की तो याच जागी आणखी काय म्हणू शकला असता ते आठवा, आणि ते त्याने का टाळलं असेल ते पाहा. 'सम ऑफ द टेस्ट्स हॅव पास्ड' हे सगळ्या टेस्ट पास झाल्यावरही खोटं ठरत नाही. पण सगळ्या झाल्या असत्या तर 'ऑल' म्हणायला पैसे पडत नव्हते. म्हणून ऐकणारा समजतो की काही नापास आहेत. आणि बोलणारा पुढे 'इन फॅक्ट, ऑल ऑफ देम' म्हणाला तर विसंगती वाटत नाही, आधीची सूचना तेवढी पुसली जाते. अशी ती पुसता येते, हीच तिची ओळख.

ग्राइसचं शिफारसपत्राचं उदाहरण तर मला फार आवडतं. तत्त्वज्ञानाच्या नोकरीसाठी विद्यार्थ्याने अर्ज केलाय. प्राध्यापक लिहितात, याचं इंग्रजी उत्तम आहे आणि वर्गात हजेरी नियमित असते. संपलं पत्र. प्रत्येक शब्द खरा, आणि उमेदवार गेला. आपल्याकडे स्थळाची चौकशी करणाऱ्यांना हे वाचताच ओळखीचं वाटेल. 'मुलगा करतो काय?' असं विचारावं आणि पलीकडून 'स्वभावाने अगदी गरीब हो' असं उत्तर यावं, की आई पुढचं स्थळ बघायला घेते. 'इंटरेस्टिंग'चंही तेच. कल्पना पटली असती तर पुढचा प्रश्न आला असता: खर्च किती, कधी सुरू करायचं, कोण करणार. त्यातलं काहीच न विचारता नुसतं विशेषण देऊन माणूस पुढच्या विषयाकडे वळला, तर तिथे उत्तर मिळालंय. उलट 'इंटरेस्टिंग' म्हणून त्याने दोन प्रश्न विचारले असते तर तक्त्यातला उजवा रकाना साफ चुकला असता.

मुद्दा सोडून बोलणं सगळ्यांत सोपं कळतं. 'चहाला येतोस?' 'सहाची ट्रेन आहे.' वाकड्या शब्दांत बोलणंही कळतं: 'बाई गायल्या' म्हणण्याऐवजी कोणी 'बाईंनी स्वरलिपीशी बऱ्यापैकी जुळणारे आवाज काढले' असं लिहिलं, तर मैफल कशी झाली असेल ते वेगळं सांगायला नको.

कमी करून सांगणं ही मात्र ब्रिटिशांची खास खोड, आणि ती त्यांच्यातच चालते. एप्रिल 1951मध्ये कोरियातल्या इमजिन नदीवर चिनी फौजेने ब्रिटिश तुकड्यांवर मोठा हल्ला चढवला. ब्रिगेडियर ब्रोडी यांनी अमेरिकन वरिष्ठाला परिस्थिती 'अ बिट स्टिकी' आहे असं कळवल्याचं सांगतात. ब्रिटिश कानाला याचा अर्थ आकाश कोसळतंय. अमेरिकन कानाला, थोडी अडचण आहे पण निभावतंय. ग्लॉस्टर रेजिमेंटची बटालियन वेढली गेली आणि तिचे बहुतेक सैनिक कैद झाले. लढाईचा निकाल काही एका वाक्यावर लागला नाही, पण एकाच भाषेचे दोन मालकसुद्धा एकमेकांना असे चुकू शकतात, हे ध्यानात असू द्या. मग आपण चुकलो तर त्यात कमीपणा कसला?

आता जे तुम्ही विचारलं नाहीत, पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते. सूचना आपल्या बोलण्यातूनही निघतात, आपल्याला नको असल्या तरी.

25 जानेवारी 1990. कोलंबियाच्या आव्हियांका कंपनीचं 52 क्रमांकाचं विमान न्यूयॉर्कला येत होतं. हवामान खराब, विमानांची रांग, तासाहून जास्त वेळ आकाशात घिरट्या. इंधन संपत आलं. वैमानिकांनी नियंत्रण कक्षाकडे 'प्रायॉरिटी' मागितली, इंधन संपतंय असंही सांगितलं. 'इमर्जन्सी' हा शब्द मात्र उच्चारला नाही. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला, त्यानंतर इंजिनं बंद पडली आणि विमान लाँग आयलंडवर कोसळलं. 158 पैकी 73 जण गेले. चौकशीत इतरही कारणं पुढे आली. वैमानिकांनी इंधनाची आणीबाणी जाहीर केली नाही हे त्यात ठळक होतं. जमिनीवरच्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. रांगेतल्या कित्येक विमानांचं इंधन उतरणीला लागलेलं असतं. आणीबाणीसाठी ठरलेला शब्द आहे, तो दोन्ही बाजूंना माहीत आहे. तो वापरला नाही, म्हणजे वेळ तितकी आलेली नसावी. हा तोच 'सम' आणि 'ऑल'चा हिशेब, फक्त इथे त्याने घात केला.

ऑफिसात जीव जात नाहीत, पण आपण हेच करतो. सर्व्हर बसणार हे दिसत असतं आणि आपण 'देअर माइट बी सम इश्यू' असं लिहितो, कारण वरिष्ठाला थेट सांगणं उद्धटपणाचं वाटतं. पलीकडचा ते 'माइट' आणि ते 'सम' मोजून घेतो आणि घरी जातो. जास्त बोलण्याचाही त्रास होतोच. जहाजाचा जुना विनोद तुम्ही ऐकला असेल: मदतनीस प्यायला म्हणून कप्तानाने नोंदवहीत तसं लिहिलं, तर दुसऱ्या दिवशी मदतनिसाने लिहिलं, 'कप्तान आज शुद्धीत होते.' 'टुडे आय चेक्ड द डेटा केअरफुली' असा मेल पाठवणाऱ्यांना मी हा विनोद सांगते.

आणखी एक धोका. हा सगळा हिशेब समोरचा सहकार्य करतोय या विश्वासावर उभा आहे. जिथे तो विश्वास ठेवायला जागा नाही, तिथे तो करू नये. अमेरिकेत सॅम्युअल ब्रॉन्स्टन नावाचे चित्रपट निर्माते होते. कंपनी दिवाळखोरीत गेल्यावर त्यांची शपथेवर उलटतपासणी झाली. स्विस बँकेत तुमची खाती आहेत का? 'नाही.' पूर्वी कधी होती? 'कंपनीचं खातं होतं, साधारण सहा महिने, झुरिकमध्ये.' ऐकणारा समजला, यांचं स्वतःचं नव्हतं. प्रत्यक्षात जिनिव्हाच्या बँकेत त्यांचं स्वतःचं खातं एके काळी होतं. खोट्या साक्षीबद्दल शिक्षा झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1973मध्ये ती शिक्षा एकमताने रद्द झाली. वाक्य अक्षरशः खरं होतं. उत्तर प्रश्नाला धरून नाही हे ओळखून पुढचा प्रश्न विचारणं वकिलाचं काम होतं, असं न्यायालयाने ठरवलं. कायद्याचं बरोबर असेल, पण घरी कोणी असं उत्तर दिलं तर आपण त्याला खोटारडाच म्हणू. जाहिराती याच फटीत राहतात. 'नो अदर ब्रँड क्लीन्स बेटर' म्हणजे हीच पावडर सर्वांत चांगली, असं आपण ऐकतो. सगळ्या पावडरी सारख्याच असल्या तरी वाक्य खरं राहतं.

हे नियम जगभर सारखे चालतात असंही नाही. मादागास्करमध्ये काम केलेल्या एलिनॉर ऑक्स कीनन यांनी 1976मध्ये दाखवलं की तिथे माहिती हातची राखून ठेवणं नेहमीचंच आहे. 'आई कुठे आहे?' याला 'घरी असेल नाहीतर बाजारात' असं उत्तर मिळालं, तर सांगणाऱ्याला माहीत नाही असं कोणी धरत नाही. म्हणून नव्या ऑफिसात गेलात की पहिले काही आठवडे लोक वाईट बातमी कशी देतात ते नुसतं बघा. चांगल्या बातमीवरून फारसं कळत नाही.

आणि जिथे पैसा, तारीख किंवा सुरक्षितता गुंतली आहे, तिथे हिशेब न करता विचारून टाका. मात्र 'डिड यू लाइक इट?' विचारू नका, त्यावर 'येस, व्हेरी मच'च येणार. 'यातल्या कुठल्या दुरुस्त्या केल्याशिवाय रिपोर्ट पुढे जाऊ शकत नाही?' असं विचारा. त्याला उत्तर म्हणून क्रमांकच द्यावे लागतात, विशेषणांना तिथे जागा नसते.

राहिलं जेवण. 'यू मस्ट कम ओव्हर' हे तारखेशिवाय आलं तर ते 'तुम्ही आवडलात' एवढंच असतं. ते खोटंही नाही, पण डायरी काढायची गरज नाही. ज्या दिवशी 'शनिवारी सात वाजता जमेल का?' असं येईल त्या दिवशी जा, सोबत काहीतरी घेऊन जा. आणि दारात ती वस्तू हातात घेताना यजमान 'ओह, यू शुडन्ट हॅव' म्हणाले, तर कृपा करून परत घेऊ नका.