टक्का घसरला म्हणजे माणसं शेत सोडून गेली असं नाही

उद्योग कसे उभे राहिले यावरच्या तुमच्या प्रबंधाची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला, कारण हाच आलेख मीही काढला होता. शेतीतल्या लोकांच्या टक्केवारीची रेघ खाली, कारखान्यातल्यांची वर, मधे फुली, आणि खाली वाक्य की शेतीतून मोकळे झालेले मजूर मिळाले म्हणून उद्योग उभे राहिले. तुमच्या गाइडनी त्यावर नुसतं 'कशावरून?' लिहून चॅप्टर परत पाठवलाय आणि आता काय करू असं तुम्ही विचारताय. आधीच सांगतो, मी प्राध्यापक वगैरे नाही, प्रबंध कसाबसा पार पडला आणि पुढे वेगळ्याच नोकरीला लागलो, तेव्हा माझं सगळं पडताळून घ्या.

वाफेचं इंजिन, भांडवल, वसाहती, बँका ही उद्योग उभे राहण्याच्या कारणांची यादी तुम्हाला तोंडपाठ असणार, ती सोडून देतो.

माझी चूक अशी झाली. ब्रिटनमध्ये कामकरी लोकांपैकी शेतीत असलेले १८०१ ला साधारण ३६ टक्के, १८५१ ला साधारण २२. मी हे वाचलं आणि गावंच्या गावं ओस पडली असं धरून अख्खं प्रकरण लिहून टाकलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी शांतपणे विचारलं, "टक्के राहू द्या, माणसं किती?" मला माहीतच नव्हतं. माणसं होती सुमारे १७ लाख, आणि पन्नास वर्षांनी सुमारे २१ लाख. म्हणजे शेतात राबणारे चक्क वाढले होते! टक्का घसरला कारण देशाची लोकसंख्याच १ कोटी ५ लाखांवरून २ कोटी ८ लाखांवर गेली आणि वाढलेली बहुतेक माणसं दुसऱ्या धंद्यांत शिरली. सहा महिने जादा गेले माझे त्यात, फी वेगळी.

बरं, आकड्यांचा तक्ता मी मागितला नव्हता असंही नाही. एका कार्यालयात (नाव घेत नाही, उगाच वाद नको) जुन्या जनगणनांचे खंड होते. अर्ज दिला. मग कळलं की अर्ज वेगळ्या नमुन्यात हवा. तो दिला तर सही करणारे साहेब रजेवर, ते आले तेव्हा खंड बाइंडिंगला गेलेला, आणि चार महिन्यांनी जी झेरॉक्स हातात पडली तीत फक्त टक्केवारीचं पान, तळटीपा कापलेल्या. मी वैतागून म्हटलं जाऊ दे, टक्के तर टक्के. दोष त्यांचा आहेच, पण 'जाऊ दे' मी म्हटलं ना. तळटीपा मात्र कधीही सोडू नका, शेतकऱ्याच्या घरच्या बायका-मुली कुठल्या रकान्यात धरल्यात हे जनगणनेगणिक बदलतं, आणि तेवढ्यानेही रेघ वरखाली होते.

आता मुद्द्याचं. माणसं मोजली की प्रश्नच बदलतो. शेतात राबणारे जेमतेम पाव हिश्शाने वाढले आणि खाणारी तोंडं जवळपास दुप्पट झाली, मग हे जमलं कसं? थोडं धान्य आयर्लंडहून येत होतं, पण बरंचसं घरचंच. जमीन पडीक टाकायच्या ऐवजी क्लोव्हर (चाऱ्याचं पीक) आणि सलगम, त्यावर जनावरं, त्यांचं खत, परत गहू. हे आधीच्या शंभर-दीडशे वर्षांत हळूहळू मुरलेलं होतं. माझ्या मते शेतीने कारखान्याला माणूस दिला यापेक्षा कारखान्यातल्या माणसाला भाकरी दिली हे जास्त खरं आहे. (मतभेद असणारे आहेत, माझ्या तेव्हाच्या गाइडसकट.)

पण एवढ्यानेही काम भागत नाही, इथे परत घसराल. रिकामे हात पुरेसे असते तर गिरण्या दक्षिण इंग्लंडात निघायला हव्या होत्या. १८३० मध्ये केंटपासून शेतमजुरांचा दंगा पेटला, त्यांनी मळणीयंत्रं फोडली. का, तर हिवाळ्यात कोठारात बसून हाताने झोडपून मळणी करायची हेच त्यांचं थंडीतलं काम, ते यंत्राने खाल्लं. म्हणजे तिथे हात रिकामे होते, स्वस्त होते, आणि कारखाने मात्र वर उत्तरेत लँकेशायरला. कारण दक्षिणेत जवळ कोळसा नाही. न्यूकोमनचं १७१२ चं इंजिन (खाणीतलं पाणी उपसणारं, वाफेवरचं) इतकं कोळसाखाऊ होतं की ते खाणीच्या तोंडाशीच परवडायचं, जिथला बारीक चुरा कोणी विकत घेत नव्हतं. मजुरी महाग आणि कोळसा मातीमोल असेल तिथेच असलं यंत्र कोणी सुधारत बसतं, हे मला पटतं. हॉलंडकडे बघा, शेती उत्तम, पैसा भरपूर, कालवे, जळणाला पीट (दलदलीतली वाळवून जाळायची माती), आणि मोठे कारखाने यायला एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. तुमच्या यादीतली किती कारणं हॉलंडमध्येही होती ते एकदा टिक करून बघाच.

जपान घेणार असाल तर तिथेही तेच. १८७२ मध्ये साडेतीन कोटी लोक, १९३० मध्ये सहा कोटी चव्वेचाळीस लाख, आणि शेतकरी कुटुंबं या सगळ्या काळात पंचावन्न लाखांच्या आसपास अडकलेली. १८७३ ला सारा धान्यात न घेता रोखीत, जमिनीच्या किमतीच्या तीन टक्के असा लावला (१८७७ ला अडीच केला). रोख आणायची कुठून? बऱ्याच घरांनी माळ्यावर रेशमाचे किडे पाळले, तुतीचा पाला घालायचं काम घरच्या बायकांचं, कोष विकून पैसा. त्या रेशमाच्या निर्यातीतून परदेशी यंत्रांचे पैसे भागले. सरकारने तोमिओकाला १८७२ मध्ये रेशमाची गिरणी काढली ती दाखवायला म्हणून चांगली होती, पण फायद्यात काही चालली नाही आणि १८९३ मध्ये मित्सुई या खासगी उद्योगसमूहाला विकली. सरकारने ठरवलं आणि उद्योग आले असं लिहायचा मोह होतो ना, तिथे हे आठवा. अर्थात सरकारचा हात नव्हताच असंही म्हणत नाही, सारा कोणी लावला!

तुम्ही एवढंच करा, त्याच आलेखात दुसरी रेघ माणसांच्या संख्येची काढा, उजवीकडे वेगळा अक्ष घेऊन. एक्सेलमध्ये ती मालिका सिलेक्ट करून सेकंडरी अ‍ॅक्सिस म्हणा, दोन मिनिटांचं काम आहे. देश कुठला घेतलाय ते तुम्ही लिहिलं नाहीये, ते सांगा आणि तक्ता इथेच टाका, तळटीपांसकट. रविवारी बघतो.