स्टँडअलोन ईसीयू बसवल्यावर आयडल व्हॉल्व्ह सेट कसा करायचा? सिग्नलला गाडी ७०० ते १६०० आरपीएम अशी झुलते

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की ट्यूनर म्हणतो, आयडल व्हॉल्व्हवर (पेडल सोडल्यावर इंजिनाला हवा देतो तो) पट्टी मारून तो कायमचा बंद करू आणि थ्रॉटलच्या स्क्रूने रेस चढवू. हे वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो. नाही मारायची पट्टी.

माझी काँटेसा आहे. १.८ चं इसुझु इंजिन, कार्ब्युरेटर काढून इंजेक्शनवर घेतलेलं. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, स्पीडुइनो, थ्रॉटल बॉडी भंगारातल्या सिएलोची आणि तिच्यावर जीएमचा चार तारांचा स्टेपर व्हॉल्व्ह (ठरावीक टप्प्यांनी, म्हणजे स्टेप्सनी, पिन पुढे-मागे सरकवणारा). मॅपिंगला (ईसीयूचे तक्ते भरायला) पुण्यातल्या एका ट्यूनरकडे दिली. फुल थ्रॉटलचं काम पोराने झकास केलं, ते मी नाकारत नाही. पण सकाळी ९०० वर शांत असणारी गाडी दुपारी १५०० वर ओरडायची, आणि दुसऱ्या दिवशी एसी लावला की सिग्नलला बंद. तक्रार केली तर म्हणे, "काका, रेसकारला कुठे असतो हा व्हॉल्व्ह?"

अरे बाबा, रेसकारला एसी नसतो. तिला संध्याकाळी लक्ष्मी रोडवर उभं राहायचं नसतं. डिसेंबरात पहाटे कुणाला स्टेशनवर सोडायचं नसतं. थंड इंजिनात ऑइल घट्ट, घर्षण जास्त, म्हणून त्याला हवा जास्त लागते. गरम झालं की कमी. स्क्रू एका तापमानाला बरोबर बसतो, बाकी सगळीकडे चुकतो.

गाडी घरी आणली, थ्रॉटल बॉडी काढून टेबलावर ठेवली, व्हॉल्व्ह तिच्यातच ठेवून वायर जोडली. ट्यूनिंगच्या तक्त्यात सगळ्या तापमानांना स्टेप्सचा एकच आकडा भरला आणि चावी चालू-बंद करत बायपासच्या (पिन जिथली हवा अडवते त्या) भोकातून टॉर्चने बघत बसलो. आकडा तोच, पण पिन दरवेळी वेगळ्या जागी थांबायची. इथेच सगळं आलं. पिन कुठे आहे हे ईसीयूला दिसत नाही. चावी फिरवल्यावर तो ती आधी शेवटपर्यंत बंद करतो, तिथे शून्य धरतो आणि पुढे नुसत्या स्टेप्स मोजतो. मधल्या काही स्टेप्स निसटल्या की हिशेब चुकला, आणि तो चुकलाय हे त्याला कळतही नाही.

आमच्या ट्यूनरने "रिस्पॉन्स फास्ट" म्हणून स्टेप टाइम (एका स्टेपला दिलेला वेळ) खाली आणून ठेवला होता. तो ३ मिलिसेकंदांवर नेला, स्टेपर चालवणाऱ्या डीआरव्ही८८२५ ड्रायव्हर चिपचा करंट किंचित वाढवला, होमिंगच्या (पिन सुरुवातीला शून्यावर नेण्याच्या) स्टेप्स व्हॉल्व्हच्या पूर्ण प्रवासापेक्षा जास्त दिल्या (या व्हॉल्व्हला साधारण २५० धरतात, मी २७० ठेवल्या). पिन जागेवर यायला लागली. व्हॉल्व्ह तोच, ज्याला ट्यूनर खराब म्हणत होता.

आता तुमचं. ७०० ते १६०० हा झोका बघता मला व्हॉल्व्हपेक्षा ओव्हररनच्या (पेडल सोडल्यावरच्या) फ्युएल कटचा संशय जास्त आहे. थ्रॉटल बंद आणि आरपीएम कटच्या वर, म्हणून पेट्रोल बंद. आरपीएम पडले की पेट्रोल परत. हवा आधीच जास्त, म्हणून पुन्हा वर. फ्युएल कट पूर्ण बंद करून बघा. झुलणं थांबलं तर कट २००० च्या वर न्या आणि मग हवा कमी करा.

नाही थांबलं तर क्लोज्ड लूप (आरपीएम बघून ईसीयूने आपणहून हवा बदलणं) बंद, ऑक्सिजन सेन्सरचं करेक्शनही बंद, इंजिन पूर्ण गरम. इनटेकच्या गॅस्केटवर आणि ब्रेक बूस्टरच्या नळीवर कार्ब क्लीनर मारून बघा. आरपीएम हलले तर लीक आहे, तो काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग व्हॉल्व्ह पूर्ण बंद असताना थ्रॉटलच्या स्क्रूने टार्गेटपेक्षा शंभरेक आरपीएम खाली बसवा आणि टीपीएस (थ्रॉटल किती उघडा ते सांगणारा सेन्सर) पुन्हा कॅलिब्रेट करा. हे लोक हमखास विसरतात, मग ईसीयूला वाटतं की पाय पेडलवरच आहे आणि आयडल कंट्रोल सुरूच होत नाही. आयडलच्या आसपास फ्युएलच्या तक्त्यातले खाने सपाट ठेवा. इग्निशनमध्ये टार्गेटच्या खाली दोन-चार डिग्री जास्त अॅडव्हान्स द्या, आरपीएम पडायला लागले की इंजिन आपोआप सावरतं. त्यानंतर तापमानानुसार स्टेप्सचा तक्ता. तो एका दिवसात होत नाही, पहाटेचे थंड स्टार्ट लागतात. पीआयडी (त्याच क्लोज्ड लूपचे आकडे) सगळ्यात शेवटी, तेही हळू. आमच्या ट्यूनरने सुरुवातच पीआयडीपासून केली होती.

एसीची स्विच वायर ईसीयूला दिली आहे का? नसेल तर कॉम्प्रेसर लागल्याचं त्याला आरपीएम पडल्यावरच कळणार. आधी ती द्या.

हे सगळं चार तारांच्या स्टेपरचं. तुमचा दोन तारांचा पीडब्ल्यूएम व्हॉल्व्ह (करंट झटपट चालू-बंद करून उघडणारा) असेल तर होमिंग वगैरे विसरा. तिथे फ्रिक्वेन्सी आणि फ्लायबॅक डायोड (कॉइलचा उलटा झटका जिरवणारा) बघावा लागतो. आणि स्टेपर बॉडीतून बाहेर काढून चावी फिरवू नका. समोर सीट नसेल तर पिन सरळ बाहेर पडते.

एवढं करूनही झुललीच तर दोन मिनिटांचा लॉग टाका, त्यात आरपीएम, एमएपी (इनटेकमधला दाब), एएफआर (हवा-पेट्रोलचं प्रमाण) आणि स्टेप्स चारही हवेत. ट्यूनरलाही विचारा, त्याच्याकडे तुमच्या आयडलचा एक तरी लॉग आहे का. माझ्याकडचा आमच्या ट्यूनरला दाखवला तेव्हा तो म्हणाला, "काका, इतकं कोण बघतं."