अडचणीच्या वर्षात आधी कुणाचं बिल द्यायचं?

2019 चा महापूर, 2020 ची टाळेबंदी, 2021 ला पुन्हा महापूर. कोल्हापूर-सांगली-इचलकरंजी पट्ट्याने लागोपाठ तीन वर्षं तडाखे खाल्ले. त्याचे व्रण अजून आहेत, हे तुमच्या पत्रांतून दिसतं. त्यांपैकी सहा पत्रं इथे घेतली आहेत. नावं गाळली आहेत. प्रत्येक पत्राखाली माझं उत्तर आहे.

सांगलीच्या गणपती पेठेत आमचं वह्या-स्टेशनरीचं होलसेल दुकान आहे. 2019 ला विमा नव्हता, म्हणून नंतर काढला. 2021 ला बारा लाखांचा माल पाण्यात गेला आणि हातात सहा लाख आले. पॉलिसी तर वीस लाखांची होती. कंपनीने फसवलं का? मग विमा काढून उपयोग काय?

तुम्ही सोबत पाठवलेल्या कागदांवरून फसवल्याचं दिसत नाही. तुमची पॉलिसी वीस लाखांची, पण जुलैत शाळांचा सीझन असल्याने दुकानात माल होता चाळीस लाखांचा. म्हणजे निम्म्याच मालाचा विमा होता, म्हणून नुकसानीचीही निम्मी भरपाई मिळाली. याला अ‍ॅव्हरेज क्लॉज म्हणतात. वीस लाखांची पॉलिसी आहे म्हणजे वीस लाखांपर्यंतचं सगळं नुकसान मिळेल, असा बहुतेकांचा समज असतो. हा वीस लाखांचा आकडा आला कुठून, हेही कागदांत दिसतं. बँकेने तुमच्या सीसी (कॅश क्रेडिट) कर्जाच्या मर्यादेइतका विमा उतरवला. बँकेने तिचं कर्ज सुरक्षित केलं. तुमचा उरलेला माल उघडाच राहिला.

आता काय करायचं? एप्रिल 2021 पासून 5 कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी मिळते. पूर तिच्यात मुळातच धरलेला आहे, आणि विम्याची रक्कम 15 टक्क्यांपर्यंत कमी पडली तरी कापाकापी होत नाही. रक्कम ठरवताना वर्षाच्या सरासरी मालाची नको, जुलै-ऑगस्टच्या मालाची धरा. गोडाऊनचा पत्ता पॉलिसीत आहे का ते बघा. दुकानाच्या पत्त्यावर विमा आणि माल मागच्या गल्लीत, अशी दाव्यांची भांडणं मी खूप पाहिली आहेत. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना पुरानंतरच कळते. नष्ट झालेल्या मालावर जीएसटीचं जे इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेतलेलं असतं ते परत करावं लागतं. त्यामुळे विम्याची रक्कम जीएसटीसकट धरा आणि तसं लिहून घ्या.

सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं होतं. माल हलवायचा निर्णय त्या रात्री घ्यायचा नसतो, जूनमध्येच घेऊन ठेवायचा असतो. 40 ला खालचे दोन रॅक रिकामे, 43 ला टेम्पो दारात. टेम्पोवाल्याशी दर आत्ताच बोलून ठेवा.

आणि येणीची यादी दुकानाबाहेर ठेवा. 2019 ला पाणी ओसरल्यावर मी कोल्हापुरात शाहूपुरीत एका अशिलाच्या दुकानात गेलो होतो. अर्ध्या उघड्या शटरमागे सुतळी बांधून, कपड्यांचे चिमटे लावून त्याने खातेवहीची पानं वाळत घातली होती. शाई फुटून सगळी पानं निळसर झालेली. माल गेल्याचं तो एव्हाना पचवून बसला होता. पण “कोण किती देणं लागतो हेच आता कळायचं नाही,” म्हणताना त्याचा आवाज फुटला. पुढच्या महिन्याभरात काही गिऱ्हाइकं आपणहून येऊन सांगून गेली, ‘शेठ, माझ्याकडे इतके आहेत.’ सगळी आली नाहीत. जी आली, त्यांच्या पैशावर त्याने दिवाळीचा माल भरला. खालच्या उत्तरांमध्ये मी पुन्हा पुन्हा वसुलीवर येणार आहे, ते त्या दुकानात पाहिल्यामुळेच.

शिरोली एमआयडीसीत माझा दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मशिनिंगची यंत्रं) आणि तीन लेथचा जॉबवर्कचा शेड आहे. एका फाउंड्रीचं कास्टिंग मशिनिंग करून देतो. बिल चार-चार महिने निघत नाही. 45 दिवसांचा कायदा आहे म्हणतात, पण मागायला गेलो तर काम जाईल. करू काय?

तुमची भीती खरी आहे, ती मी उडवून लावणार नाही. पण कायदा तुमच्या बाजूने किती आहे ते आधी नीट समजून घ्या. बरेच जण अर्धवट ऐकून सोडून देतात.

2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. ऑर्डरवर ‘90 दिवस’ छापलं असलं तरी 45 च्या पुढे चालत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याला चक्रवाढ. तक्रार या कायद्याखालच्या सुलभीकरण परिषदेकडे जाते. तिच्या निर्णयाविरुद्ध कोर्टात जायचं तर समोरच्याला 75 टक्के रक्कम आधी भरावी लागते. यासाठी तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, हवी. ती फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. नोंदणी आधी, बिल नंतर. आधी माल देऊन मागून नोंदणी केली तर वाद होतात. उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापा.

याहून धारदार तरतूद आयकरात आहे. व्यापारात तिला ‘43 बी-एच’ म्हणतात, आणि ती 2023-24 या आर्थिक वर्षापासून लागू झाली. 31 मार्चला मुदत उलटून गेलेलं तुमचं बिल थकलेलं असेल, तर तो खर्च फाउंड्रीला त्या वर्षी मिळत नाही. त्यावर कर भरावा लागतो. खर्च मिळतो तो प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षी. म्हणून तुम्ही भांडायला जाऊ नका. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात थकीत बिलांची तारीखवार यादी आणि उद्यम प्रमाणपत्राची प्रत त्यांच्या अकाउंट्सला पाठवा. मालकाला पाठवू नका, अकाउंट्सलाच पाठवा. त्यांचा सीए ती यादी स्वतः मालकापुढे ठेवेल. मागणी तुमची, पण बोलणार त्यांचाच माणूस. काम जायची भीती यात सगळ्यात कमी आहे.

तरीही एकाच पार्टीवर शेड चालवणं हे तुमचं खरं दुखणं आहे. दोन व्हीएमसींपैकी एकीवर तरी दुसऱ्या क्षेत्रातलं काम घ्या. पंपाचं असेल, व्हॉल्व्हचं असेल, साखर कारखान्याच्या देखभालीचं असेल. दर थोडा कमी मिळाला तरी घ्या. ट्रॅक्टर-ट्रकचा बाजार बसतो तेव्हा शिरोलीतले सगळे शेड एकाच आठवड्यात शांत होतात, हे तुम्ही पाहिलं आहे.

मी फाउंड्री चालवतो. तुम्ही मागे जॉबवर्कवाल्यांची बाजू घेतलीत. आमचे पैसे वरच्या कंपन्या 90-120 दिवसांनी देतात. आम्ही 45 दिवसांत कुठून द्यायचे?

तुमची कोंडीही खरी आहे. पण आकडा मांडून बघू. समजा, तुमच्याकडे वीस छोटे जॉबवर्कवाले आहेत आणि प्रत्येकाचं बिल सरासरी 40 हजार. एकूण 8 लाख. ते तुम्ही 60 दिवस आधी दिलेत आणि सीसीचं व्याज 10 टक्के धरलं, तर खर्च येतो साधारण 13 हजार रुपये. पगार थकल्यामुळे त्या शेडमधला चांगला ऑपरेटर सोडून गेला आणि तुमचा एक लॉट रिजेक्ट झाला, तर त्यात किती जातात हे मी तुम्हाला सांगायला नको. तंगीत वीजबिल, हप्ता, पिग आयर्न-स्क्रॅप आणि सगळ्यात शेवटी जॉबवर्क, असा क्रम लावायची सवय आहे. तो क्रम चुकीचा आहे असं माझं ठाम मत आहे. आधी खालच्याचं बिल काढा.

तुमच्या स्वतःच्या येणीसाठी ‘ट्रेड्स’ हा बिलं वटवायचा ऑनलाइन मंच वापरा. 250 कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना त्यावर नोंदणी सक्तीची आहे. कंपनीने बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात आणि पैसे तुमच्या खात्यात येतात. व्याज कंपनीच्या पतीवर ठरतं, आणि कंपनीने पुढे बुडवलं तर बँक तुमच्या दारात येत नाही. नोंदणी असूनही बिलं मान्य करायची टाळाटाळ होते, हे मला माहीत आहे. म्हणून हा मुद्दा एकट्याने न मांडता संघटनेमार्फत मांडा.

इचलकरंजीत आमचे बारा साधे माग आहेत, आम्ही खर्चीवाले, म्हणजे व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणणारे. मजुरी पिकावर (आडव्या धाग्यांच्या मोजणीवर) मिळते ती वाढत नाही, पेमेंटची धारा (मुदत) लांबत चालली आहे. दोन हप्ते थकलेत. बँकेतून फोन येतो म्हणून उचलत नाही. ओळखीचा एक जण महिना तीन टक्क्याने पैसे देतो म्हणतोय.

आधी तो फोन उचला. नाही, त्याहून बरं, उद्या सकाळी स्वतः बँकेत जा.

हप्ता थकल्यापासून 30 दिवसांपर्यंत खातं एसएमए-शून्य, 60 पर्यंत एसएमए-एक, 90 पर्यंत एसएमए-दोन (एसएमए म्हणजे अडचणीत येऊ लागलेलं खातं), आणि 90 उलटले की एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. तुमचे दोन हप्ते म्हणजे तुम्ही मधल्या किंवा शेवटच्या पायरीवर आहात. एनपीए झाल्यावर बँकेचे हात बांधले जातात. त्याआधी ती बरंच करू शकते. आजारी पडू लागलेल्या छोट्या उद्योगांसाठी केंद्राने 2015 मध्ये चौकट आखून दिली आहे. तिच्यात उद्योजक स्वतः अर्ज करून ‘माझं खातं समितीपुढे न्या’ असं सांगू शकतो. मॅनेजर बोलेल याची वाट पाहू नका. साध्या कागदावर लिहा: माग किती, चालू किती, महिन्याला मजुरी किती येते, वीज आणि पगार जाऊन हप्त्याला किती उरतात. खोटा आकडा घालू नका. मी कित्येक वर्षं असे अर्ज तयार करतोय, आणि जमेल तेवढाच हप्ता मागणाऱ्याचा अर्ज मंजूर होताना जास्त पाहिलाय.

महिना तीन टक्के म्हणजे सरळ वर्षाला छत्तीस. बारा साधे माग तेवढं कमवत नाहीत. ते पैसे घेऊ नका. त्यापेक्षा बारांपैकी चार माग विकून खातं नियमित करणं बरं. विकताना जीव तुटेल, हे मी समजून आहे. 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून इथे माग म्हणजे घरातलं माणूस. पण आठ माग चालू राहिले तर पोरं या धंद्यात राहतील. सावकाराकडे गेलात तर बाराही जातील.

आम्ही कोल्हापुरी चपला करतो. जीआय (भौगोलिक मानांकन) मिळून काही वर्षं झाली, आम्हाला काय मिळालं?

नुसत्या मानांकनाने काही मिळत नाही. 2019 ला मिळालेला जीआय महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांचा आहे. त्याचा शिक्का वापरायचा तर कारागिराने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र नोंद करावी लागते, आणि ती तुम्ही केलेली नाही असं पत्रावरून दिसतं. ती करा, गटाने केली तर सोपं जातं. जून 2025 मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या. ओरड झाल्यावर प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचं कबूल केलं. त्या कबुलीमागे हे मानांकन होतं. पण शोरूमवाल्याकडून तुमचे पैसे सणानंतर दोन महिन्यांनी येत असतील, तर तिथे जीआय कामाला येणार नाही. तिथे थोडी का होईना, रोखीची विक्रीच हवी.

मी मूळचा कोल्हापूरचा, चाकणला वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत अकाउंट्समध्ये आहे. आपल्या भागात एखादा मोठा प्रकल्प आल्याशिवाय विकास होणार नाही, असं मला वाटतं. तुमचं मत?

मोठा प्रकल्प आला तर मला आनंदच आहे. पण आपला भाग त्याच्यावर उभा राहिलेला नाही. शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरी पेठ वसवली, गुळाला बाजार दिला. पाठोपाठ 1896-97 चा दुष्काळ आला तेव्हा स्वस्त धान्याची दुकानं उघडली. 1906 ला गिरणी, पुढे राधानगरीचं धरण. पेठ, पाणी आणि पत या तीन गोष्टी आधी आल्या. उद्यमनगरातले मिस्त्री, फाउंड्र्या, सहकारी कारखाने, दूध हे सगळं त्यावर वाढलं.

आजही छोट्या-छोट्या सोयींनी फरक पडतो. ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, सहा जिल्ह्यांसाठी. त्याने वकिलांबरोबर लॉज, खानावळी, झेरॉक्स, टायपिंग अशा कितीतरी जणांना काम मिळतं, आणि तो पैसा रोजच्या रोज हातात येतो. शिरोलीजवळ महामार्ग 2019 आणि 2021 अशा दोन्ही पुरांत बंद पडला. तिथे पुराच्या पाण्यातही ट्रक सुरू राहतील असा रस्ता झाला, तर तो मला कुठल्याही सामंजस्य करारापेक्षा मोलाचा वाटेल.

तुमच्या हातातली एक गोष्ट मात्र आत्ताच होण्यासारखी आहे. तुम्ही अकाउंट्समध्ये आहात. सप्लायरच्या यादीत कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीचे पिनकोड लावून थकीत बिलं काढा. त्यांतली 45 दिवस ओलांडलेली किती आहेत ते बघा, आणि सोमवारी ती यादी तुमच्या साहेबांच्या टेबलावर ठेवा.