सस्पेन्स सिनेमात वेळेची घाई का लागते? रहस्य दमदार असलं तर तेवढं पुरत नाही का?

नाही पुरत. हे मी मंडईच्या रात्री शिकलो.

दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते आणि रात्री नाटक होतं, थेट पहाटेपर्यंत. आमच्या मंडळासाठी मी खुनाचं नाटक लिहिलं. बापाच्या पाण्यात फवारणीचं औषध कोणी टाकलं, हे शेवटच्या अंकात कळायचं. दिग्दर्शक माझे काका. गुपित शेवटपर्यंत फुटू द्यायचं नाही, हा त्यांचा हट्ट. पहिल्या प्रयोगाला रात्री दोनला अर्धं गाव तणसावर झोपलं होतं. खुनी सापडला तेव्हा कोणी हूं की चूं केलं नाही. फार लागलं मला ते.

पुढच्या गावी मी भांडून पहिला अंक बदलला. धाकटा पोरगा माठात औषध ओततो, हे सगळ्यांसमोर. बहीण बघते, तर तिला गुरांच्या कोठ्यात कोंडतो. बापाचा उपास, दिवेलागणीला सोडणार. बाप येतो, पाय धुतो, दिवा लावतो, गडवा (तांब्या) भरतो. समोरच्या बाया ओरडल्या, "पिऊ नोको बाप्पा!" एक म्हातारा काठी घेऊन स्टेजपाशी आला. नट तेच, पडदे तेच.

सस्पेन्सचा उस्ताद दिग्दर्शक हिचकॉकनं १९६२ मध्ये फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला हेच सांगितलं होतं. टेबलाखालचा बॉम्ब अवचित फुटला तर पंधरा सेकंदांचा धक्का. तो आधीच दिसला, घड्याळही दिसलं, तर पंधरा मिनिटं जीव टांगणीला. ‘हाय नून’ या सिनेमात (१९५२) बदला घेणारा बाराच्या गाडीनं येणार हे सुरुवातीलाच कळतं, मग घड्याळाकडेच डोळे.

भराभर दृश्यं कापली की घाई येते, हा समज साफ चुकीचा. आमचा बाप गडवा सावकाश भरायचा, म्हणूनच लोक कासावीस व्हायचे.

हां, ‘इत्तेफाक’सारखा (१९६९) खुनी शेवटी दाखवणारा सिनेमाही धरून ठेवतो. पण तिथं यश चोप्रांनी गोष्ट एका रात्रीत कोंडली आहे, फरारी माणूस घरात शिरलाय.

तुम्ही स्वतः लिहीत असाल तर गुपित आधी फोडा, घरचे वडीलधारे काहीही म्हणोत. काका अजून सांगतात, थंडी होती म्हणून लोक जागले. थंडी दोन्ही रात्री होती, काका. आणि त्या दुसऱ्या रात्री तुम्ही स्वतः विंगेत त्या गडव्याकडे बघत उभे होतात. तुमची एन्ट्री चुकली होती.